लाथेचं बटण

बाबा मला 'अहो' म्हणायला लागले त्याला आता वर्ष होत आलं. सुरुवातीला वाटलं, चेष्टा करताहेत. आमच्या घरात मुलाला 'अहो' टोमणा मारायलाच म्हणायचे. मी उशिरा उठलो की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "अहो, उठलात का आपण? बरं झालं, आम्ही काळजीत होतो." पण हे 'अहो' तसलं नव्हतं. दारात आलेल्या परक्या, पण बऱ्या घरच्या दिसणाऱ्या माणसाला म्हणावं तसं ते होतं. "आपण चहा घेणार ना?" असं त्यांनी मला पहिल्यांदा मनापासून विचारलं, तेव्हा माझ्या एका हातात त्यांच्या गोळ्या होत्या आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं.

आजाराचं नाव सगळ्यांना माहीत आहे, मी ते लिहीत नाही. मी कॉम्प्युटरच्या क्षेत्रातला आहे हे कळल्यावर डॉक्टरांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं, "हार्ड डिस्क हळूहळू खराब होत जाते ना, तसंच समजा." आणि स्वतःच्या उपमेवर खूश होऊन हसले. त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून फेकावासा वाटला मला. हार्ड डिस्क खराब झाली तर बुधवार पेठेत जाऊन दुसरी आणता येते. तेव्हापासून जो कोणी ही उपमा देतो त्याच्याशी मी नीट बोलत नाही, आणि देणारे भेटतच राहतात.

घरात आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. माझं लग्न झालं नाही. त्याचा संबंध माझ्या गेम खेळण्याशी लावणारे नातेवाईक आहेत, लावू देत. मी एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासतो, बहुतेक दिवस घरूनच. त्यामुळे दुपारच्या चहानंतरची वेळ मला चुकवता यायची नाही. चहा झाला की बाबा उठायचे, दाराशी जायचे आणि कडी काढायला लागायचे. "मला घरी जायचंय," म्हणायचे. आई म्हणायची, "अहो, हेच आपलं घर." त्यावर ते हात जोडून म्हणायचे, "तुमचं घर छानच आहे, पण आता निघायला हवं." हे ते तिला म्हणायचे, जिने आयुष्यभर त्यांचा डबा भरला. आईने दाराला वरच्या बाजूला आणखी एक कडी बसवून घेतली. ती लावताना ती त्यांच्याकडे बघायची नाही.

एकदा अशीच दाराशी झटापट झाली आणि त्या दुपारी बाबा माझ्या खोलीत आले आणि माझ्या खुर्चीत बसले. मी कॉटवर होतो. समोरचा मॉनिटर बंद होता. त्यांनी उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि ती हलवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मग एकदम, अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "लाथ!"

मी ताडकन उठलो. आई आतून ओरडली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ते काय म्हणाले हे तिला सांगितलं असतं तरी कळलं नसतं. ते फक्त मला कळणार होतं.

मी शाळेत असताना आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला. बुधवार पेठेतल्या एका दुकानात सुटे भाग निवडून जोडून घेतलेला. दुकानदाराने त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव टाकलं आणि वर, "दोन-चार गेमही टाकून देतो, पोरगं खूश होईल," म्हणाला. त्यातला एक मोटरसायकलच्या शर्यतीचा होता. शर्यतीत शेजारून जाणाऱ्याला लाथ मारून पाडता यायचं.

बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. धरणांचे, कालव्यांचे. रेघ मारताना ते श्वास रोखून धरत. स्कूटर अशी चालवायचे की कर्वे रस्त्यावर सायकलवाले त्यांच्या पुढे निघून जात. कोणी आडवा घुसला तरी, "घाई असेल बिचाऱ्याला," एवढंच. असा माणूस त्या खेळापुढे बसला आणि पार बिघडला. पण गाडी चालवता चालवता लाथ मारणं त्यांना जमेना. लाथ मारायला गेलं की रस्ता सुटायचा, आणि रस्ता सोडणं त्यांच्या हाताला मान्य नव्हतं. म्हणून आम्ही वाटणी केली. उजवीकडची बाणांची बटणं बाबांची. डावीकडचं झेड माझं. झेड म्हणजे लाथ. बाबा गाडी न्यायचे, कोणी शेजारी आला की ओरडायचे, "लाथ!" आणि मी झेड हाणायचो. तो माणूस रस्त्यावर लोळत गेला की बाबा मागे वळून पाहिल्यासारखं करून म्हणायचे, "क्षमस्व." आम्ही दोघं इतके हसायचो की आई स्वयंपाकघरातून येऊन बघून जायची.

संध्याकाळी मी गणिताच्या क्लासला जायचो. बाबा ऑफिसातून आलेले असायचे. जिन्यातच मला मोटरसायकलींची घरघर ऐकू यायची. बेल वाजवली की आतून बाबांचा आवाज, "आला, आला, दार उघड गं." मी येईपर्यंत ते एकटेच गाडी चालवत बसलेले असायचे, सगळ्यांच्या लाथा खात. झेडला हात लावायचे नाहीत. "ते तुझं खातं," म्हणायचे. मी पाठीवरची सॅक न काढताच शेजारी बसायचो. माझ्या आयुष्यात मी नंतर कितीतरी मोठे, महागडे, सुंदर गेम खेळलो. त्यातल्या कुठल्याही गेमने मला त्या झेडइतकं काही दिलं नाही, आणि हे मी गंभीरपणे लिहितो आहे.

त्या काळी कॉम्प्युटरचा मान मोठा होता. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग असायचा; बाबांनी तो नियम घरीही लावला. चपला खोलीबाहेर. काम झालं की प्लास्टिकचं कव्हर. खंडेनवमीला बाबांच्या पट्ट्या आणि कंपासपेटीशेजारी कॉम्प्युटरचीही पूजा, वर झेंडूची फुलं. एका दसऱ्याला तर त्यांनी सीडीचा ट्रे उघडून त्यात आपट्याचं पान ठेवलं, नमस्कार केला आणि ट्रे आत ढकलला. पुढे त्या मशीनमधून पाचोळा चिरडल्यासारखा आवाज यायला लागला. दुकानदाराने चिमट्याने ते पान तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढलं आणि बाबांना म्हणाला, "काका, सोनं लॉकरमध्ये ठेवतात."

मशीन बंद करतानाही शिस्त. त्या मशीनचं बटण आपण स्वतः दाबायचं असे, पण आधी विंडोज सगळं आवरून घेई आणि मग काळ्या पडद्यावर केशरी अक्षरं येत, की आता बंद करायला हरकत नाही. बाबा ती अक्षरं येईपर्यंत बटणावर बोट ठेवून थांबायचे. आई जेवायला हाका मारत असली तरी थांबायचे. सांगितल्याशिवाय बंद करायचं नाही.

आणि फॉरमॅट. दुखणं कुठलंही असो, दुकानदाराचं औषध एकच. आम्ही कॉम्प्युटर रिक्षातून उतरवत असतानाच तो लांबून सांगायचा, "फॉरमॅट मारावा लागेल." फॉरमॅट मारला की सी ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जायचं आणि डी ड्राइव्हवरचं वाचायचं. त्यामुळे तेव्हा ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता त्याला एवढं तरी ठाऊक असायचं, की महत्त्वाचं असेल ते डीमध्ये ठेवायचं. बाबांनी ते फार मनावर घेतलं. मी शाळेच्या प्रोजेक्टची दोन पानं टाइप केली तरी विचारायचे, "डीमध्ये ठेवलंस ना?" आमचा गेमही अर्थातच डीमध्ये. फक्त एक गोष्ट आम्हाला कळायला फार उशीर झाला. गेम डीमध्ये होता, पण आपण किती रस्ते जिंकलो याची नोंद तो विंडोजच्या पोटात, सीमध्ये ठेवायचा. दर फॉरमॅटनंतर गेम जागच्या जागी असायचा आणि आम्ही जिंकलेलं सगळं गेलेलं असायचं. मी पाय आपटायचो. बाबा खुर्ची पुढे ओढून म्हणायचे, "बरं झालं. पुन्हा सोपे रस्ते."

मग विंडोज एक्सपी आलं. हिरवी टेकडी, वर निळं आकाश. बाबांनी ते चित्र खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे पानशेतच्या बाजूचं आहे का?" एक्सपीवर आमचा खेळ जरा कुरकुरत, पण चालायचा. मी कॉलेजात गेलो आणि माझ्या लॅपटॉपवर व्हिस्टा आलं, जे प्रत्येक गोष्टीला विचारायचं की तुम्हाला हे नक्की करायचंय का. बाबा शेजारी असले की मोठ्याने उत्तर द्यायचे, "हो हो, नक्की करायचंय, नाहीतर कशाला सांगितलं असतं?" त्यानंतरचं सेव्हन मला आवडलं. माझ्या आयुष्यातली गेम खेळायची सगळ्यात चांगली वर्षं ती. कमाई सुरू झाली होती, ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं, कानाला हेडफोन लावून मी देशोदेशीच्या अनोळखी लोकांशी खेळायचो. बाबा निवृत्त झाले होते. मागच्या कॉटवर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "आपला तो लावतोस का?" नव्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर तो उघडेना. मी दोन दुपारी घालवल्या, नाही म्हणजे नाहीच. बाबा म्हणाले, "राहू दे रे. एवढा त्रास घेऊ नकोस." ते 'रे' मला आत्ता लिहिताना ऐकू येतंय.

विंडोज टेनच्या काळात बाबांचं विसरणं सुरू झालं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेला हा माणूस एका सकाळी डबा मागून घेऊन स्कूटरवरून ऑफिसला गेला. तिथल्या शिपायाने रिक्षात बसवून परत पाठवलं. आम्ही हसलो. खरंच हसलो, काय करणार? नंतर हसण्यासारखं काही राहिलं नाही. त्याच सुमारास माझी चिडचिडही सुरू झाली. मी खेळाच्या ऐन रंगात असताना विंडोज ठरवायचं की आता अपडेट करायचं, आणि मशीन स्वतःच बंद होऊन चालू व्हायचं. मशीन पुन्हा चालू झालं की काही ना काही जागचं हललेलं. कालपर्यंत इथे असलेलं बटण आज तिथे. इलेव्हन आलं तेव्हा डाव्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण मध्ये नेऊन ठेवलेलं. ते परत कोपऱ्यात आणता येतं, मी आणलंही, पण मी एका बटणावरून इतका संतापलो की आईला वाटलं ऑफिसात काहीतरी झालंय. मला फक्त एवढंच हवं होतं की एक तरी गोष्ट काल होती तिथे आज असावी. बाहेरच्या खोलीत बाबा संडासाचं दार शोधत होते.

म्हणून त्या दुपारी ते "लाथ!" म्हणाले तेव्हा माझ्या मनात जे आलं ते स्पष्ट सांगतो. तो खेळ मिळाला, तसाच, तर बाबा मला ओळखतील. कायमचं नाही. एवढा वेडा मी नाही. एकदा. एका शर्यतीपुरतं त्यांनी मला 'अरे' म्हणावं. यापलीकडे मला काही नको होतं आणि यापेक्षा कमी चालणार नव्हतं.

गेम शोधावा लागला नाही. प्रत्येक नव्या मशीनवर मी आधीच्या मशीनचा डी जसाच्या तसा उतरवून ठेवत आलो होतो. 'जुना डी' नावाच्या फोल्डरमध्ये आणखी एक 'जुना डी', त्याच्या आत आणखी एक. तळाशी तो होता. डबल क्लिक केलं. हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही, असं उत्तर आलं.

मग मी जे करायचं ते सगळं केलं. जुन्या विंडोजचं सोंग आणणारी सेटिंग्ज, नेटवर कोणा परदेशी माणसाने बनवलेल्या दुरुस्त्या. एकदा तो उघडला. मी धावत बाबांना आणून बसवलं. पण खेळ जुन्या, सावकाश मशीनसाठी बनवलेला. माझ्या नव्या मशीनवर तो पिसाटासारखा पळाला. बाबांनी बाणाला बोट लावायच्या आत गाडी फुटली, माणूस हवेत उडाला, परत उठला, परत फुटला. बाबांनी कीबोर्डवरून हात मागे घेतले. "कोणी पडलं का? अहो, बघा ना, कोणाला लागलं का?" मी मॉनिटरची वायर ओढून काढली. त्या दिवशी ते दाराशी फार वेळ उभे होते.

मग लिनक्स, विंडोजऐवजी चालणारी फुकटातली प्रणाली. आम्हा गेमवाल्यांचं लिनक्सशी नातं विचित्र असतं. सगळे त्याचं कौतुक करतात आणि खेळायला विंडोजवर परत येतात. मी एक वेगळी डिस्क घातली, लिनक्स टाकलं, जुने विंडोज खेळ चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, बरेच दिवस सुटीतल्या आणि जेवणाच्या वेळातल्या दुपारी घातल्या. आणि तो चालला. बरोबर त्याच वेगाने, त्याच घरघरीसह. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा आले, माझ्या रुंद, पातळ मॉनिटरकडे पाहत क्षणभर थांबले आणि मला म्हणाले, "छान आहे हो आपला टीव्ही." मग दाराकडे गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खेळ तोच होता, पण बाबांच्या दृष्टीने तो तिथे नव्हताच. त्यांचा खेळ एका फुगीर काचेच्या, पाठीमागे ढेरी असलेल्या मॉनिटरमध्ये होता. जाड बटणांच्या पिवळट कीबोर्डवर होता. ते मशीन आम्ही कधीच भंगारात दिलं होतं.

आधी बुधवार पेठेत गेलो. ते दुकान आहे अजून. दुकानदार म्हातारा झालाय, आता कॅमेरे आणि मोबाइलची कव्हरं विकतो. मी काय हवंय ते सांगितलं. त्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "म्युझियममध्ये विचारा." मी म्हटलं, वडिलांसाठी हवंय, ते आजारी आहेत, त्यांनी एकदा सीडीच्या ट्रेमध्ये आपट्याचं पान ठेवलं होतं. तेव्हा त्याने वर पाहिलं. "पाटबंधारेवाले," म्हणाला. "दर वेळी मशीन ठेवून निघायचे, आणि पार कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. म्हणायचे, बघा ना, यावेळी फॉरमॅट न मारता होतं का. पोराला वाईट वाटतं. तो काही बोलत नाही, पण वाटतं." दुकानदाराने मागच्या फळीवर उगाच काहीतरी हलवलं. "मला कुठे वेळ होता? मी आपला मारायचो फॉरमॅट." त्याच्याकडे जुनं काहीच नव्हतं. जुना बाजार बघा, म्हणाला.

बाबांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी लक्ष्मी रस्त्याने चालत निघालो आणि मला रस्ता नीट दिसेना.

जुन्या बाजारात मी बरेच रविवार गेलो. एकीकडून मॉनिटर, एकीकडून कीबोर्ड, आणि एका ताडपत्रीवर कुलपं आणि गंजलेले पाने यांच्यामध्ये ठेवलेली सीपीयूची पेटी. तिच्या कपाळावर कुणाच्या तरी हळदीकुंकवाचे डाग होते, वाळून तपकिरी झालेले. कुणाच्या तरी घरात तीही पुजली गेली होती. विकणारा म्हणाला, "पुसून देऊ का सायेब?" मी म्हटलं, नको.

माझ्याकडे विंडोज अठ्ठ्याण्णवची सीडी होती. मी असल्या गोष्टी टाकत नाही. बाबांचं जुनं टेबल बाहेरच्या खोलीत ओढलं, सगळं जोडलं, गेम डीमध्ये ठेवला, वर प्लास्टिकचं कव्हर घातलं. आई बघत होती. "एवढं करून नाही जमलं तर?" म्हणाली. मी कव्हर सारखं केलं. ती म्हणाली, "निदान बसू देत तासभर. मला पाठ टेकता येईल." तिच्या आवाजात इतका थकवा होता की मला माझ्या 'अरे'ची लाज वाटली, पण तरी मला ते हवंच होतं.

दुपारचा चहा झाला. बाबा उठले, दाराशी गेले, कडीला हात घातला. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, मॉनिटर टिणकला आणि जुन्या विंडोजचं ते सुरुवातीचं संगीत खोलीभर पसरलं.

बाबांचा हात कडीवरच थांबला. ते वळले. हळूहळू टेबलापर्यंत आले आणि खोलीच्या मधोमध थांबून त्यांनी पायातल्या घरातल्या सपाता काढल्या, एकीला एक लावून बाजूला ठेवल्या. खुर्ची पुढे ओढली. त्यांचा हात बाणांवर गेला तो शोधत गेला नाही. खेळ सुरू झाला आणि त्यांनी श्वास रोखला, पूर्वी रेघ मारताना रोखायचे तसा. पहिलं वळण त्यांनी इतकं सुंदर घेतलं की आईने तोंडाला पदर लावला.

मी त्यांच्या डावीकडे बसलो आणि बोट झेडवर ठेवलं. डावीकडून एक लाल गाडी वर आली.

"लाथ!" बाबा म्हणाले, आणि मी बटण दाबायच्या आधीच त्यांनी डावा हात आणला, नकाशावर पडलेला खोडरबर उचलावा तसा माझा हात दोन बोटांनी उचलला आणि बाजूला ठेवला.

"अहो, नका. ते आमच्या चिरंजीवांचं बटण आहे," ते म्हणाले. अगदी सौम्यपणे. "क्लासला गेलाय. येईलच आता."

लाल गाडीवाल्याने त्यांना लाथ मारली. पडद्यावर ते पडले, उठले, पळत जाऊन पुन्हा गाडीवर बसले.

"बाबा," मी म्हणालो, "मीच आहे. मी आलोय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि एका क्षणासाठी मला वाटलं, झालं. "आपण दुकानातले ना?" ते म्हणाले. "बुधवारातले. मशीन छान करून दिलंत. फक्त यावेळी फॉरमॅट मारू नका. पोराला वाईट वाटतं हो. तो काही बोलत नाही, पण वाटतं."

मी म्हणालो, "नाही मारणार, काका."

त्या दिवसापासून बाबा दाराची कडी काढायला जात नाहीत. चहा झाला की येतात, सपाता काढतात, बसतात. सगळ्यांच्या लाथा खात, एकही न मारता चालवत राहतात, आणि प्रत्येक शर्यत संपली की दाराकडे बघतात. आई आत पडून असते. तिला झोप लागते आता दुपारची. संपलं की बाबा बटणावर बोट ठेवून केशरी अक्षरांची वाट बघतात, आणि मशीन बंद झाल्यावर म्हणतात, "आज उशीर झाला वाटतं त्याला." सगळे म्हणतात, बरं झालं, गुंतले. मी हो म्हणतो. त्यांना घरी जायचं होतं तेव्हा ते घर कुठलं हे निदान मला माहीत नव्हतं. आता ते कोणाची वाट बघतात ते मला माहीत आहे.

परवा मी माळ्यावरून एक जुनी सॅक काढली. बाबा खेळायला बसल्यावर हळूच बाहेर गेलो, एक मजला खाली उतरलो आणि परत वर आलो. जिन्यात मोटरसायकलींची घरघर ऐकू येत होती. सॅक पाठीवर लावली आणि बेल वाजवली.

आतून आवाज आला, "आला, आला! दार उघड गं."

आईने दार उघडलं. माझ्याकडे, सॅककडे पाहिलं आणि बाजूला झाली. बाबा खुर्चीतून अर्धे उठून दाराकडे बघत होते. किती वर्षांनी मी त्यांचा चेहरा तसा पाहत होतो. मी पुढे आलो. ते बघत राहिले, मग माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या जिन्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू परत खाली बसले.

"या," ते मला म्हणाले, "बसा. तो नाही आला अजून."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.